सर्किटमधले चिन्ह आणि हातातला पार्ट: जोडणी कधी ठरवावी?

कोरडा सोल्डर (धागाकर्ता)

नमस्कार. ठिबकच्या सहा व्हॉल्व्हसाठी मी घरच्या घरी एक रिले बोर्ड तयार केला. आकृती की-कॅडमध्ये (सर्किट आणि बोर्ड काढायचे सॉफ्टवेअर) काढली आणि पाच बोर्ड करून मागवले. रिले १२ व्होल्टचे, नेहमीचे चौकोनी निळे, आणि प्रत्येकाला चालवायला एक एनपीएन जातीचा ट्रान्झिस्टर (पाय तीन: बेस, कलेक्टर, एमिटर). ज्या नमुना आकृतीवरून मी काम करत होतो तिच्यात २एन३९०४ होता, म्हणून लायब्ररीतून तेच चिन्ह उचलले. माझ्या डब्यात मात्र बीसी५४७ पडून होते, म्हणून व्हॅल्यूच्या रकान्यात तेवढे नाव बदलले. फूटप्रिंट (पार्टचे पाय बोर्डावर जिथे बसतात त्या जागांचा आराखडा) टीओ-९२ डबीचाच, म्हणजे दोघांना सारखाच. ईआरसीत (आकृतीची आपोआप तपासणी) चूक नाही, डीआरसीत (बोर्डाची तपासणी) चूक नाही. बोर्ड आले, जोडले, आणि सहापैकी एकही रिले धड ओढेना.

दोन रात्री घालवल्यावर कळले की कलेक्टर आणि एमिटर उलटे गेले आहेत. मग दोन बोर्डांवरचे बाराच्या बारा ट्रान्झिस्टर काढले, पायांवर स्लीव्ह घातल्या, पाय एकमेकांवरून ओलांडून पुन्हा बसवले. तीन बोर्ड अजून कोरे आहेत.

माझा प्रश्न असा आहे. चिन्ह उचलतानाच त्याला नेमका पार्ट आणि फूटप्रिंट बांधलेला असावा, की आधी आकृती निव्वळ आकृती म्हणून पूर्ण करावी आणि शेवटी 'असाइन फूटप्रिंट्स'च्या खिडकीत बसून सगळ्या जोड्या एकदम लावाव्यात? आणि नाव बदलल्याबरोबर सॉफ्टवेअरने मला सावध करायला नको होते का?

तपकीर गल्ली

सॉफ्टवेअरच्या लेखी बीसी५४७ हे बोर्डावर छापायचे एक नाव आहे. त्याला एक, दोन, तीन येते. त्यापुढची इयत्ता आपली.

नीलाक्षी

वरील प्रतिसाद विनोदाने लिहिला असला तरी मुद्दा अगदी तोच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

की-कॅडमध्ये चिन्हाच्या प्रत्येक पिनेला एक नाव असते आणि एक क्रमांक असतो. नाव माणसासाठी असते: बेस, कलेक्टर, रीसेट, आउटपुट. क्रमांक फूटप्रिंटसाठी असतो. आकृतीवरून बोर्ड अद्ययावत करताना, म्हणजे एफ८ दाबल्यावर, प्रोग्रॅम एवढेच पाहतो की चिन्हाची क्रमांक १ची पिन ज्या नेटवर (एकमेकांना जोडलेल्या पिनांच्या गटात) आहे, ते नेट फूटप्रिंटच्या क्रमांक १च्या पॅडला (पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या जागेला) द्यायचे. पिनेचे नाव तिथे कोणी विचारत नाही, आणि व्हॅल्यूच्या रकान्यात काय लिहिले आहे हेही विचारात घेतले जात नाही.

२एन३९०४च्या चिन्हात १ म्हणजे एमिटर, २ म्हणजे बेस आणि ३ म्हणजे कलेक्टर. बीसी५४७मध्ये १ कलेक्टर, २ बेस, ३ एमिटर. आपण नाव बदललेत, क्रमांक बदलले नाहीत. ईआरसी आकृतीपुरते पाहते: पिन सुटी राहिली का, दोन आउटपुट एकत्र जोडली गेली का. डीआरसी तांब्यापुरते पाहते: अंतर, रुंदी, भोक. बोर्ड आणि आकृती यांची जुळणी तपासण्याचा जो पर्याय डीआरसीच्या खिडकीत आहे, तोही दोन्हीकडचे क्रमांक आणि नेट यांचीच तुलना करतो. आपल्या बोर्डाची आकृतीशी जुळणी शंभर टक्के होती. जुळत नव्हता तो दुकानातून आलेला पार्ट, आणि तो या तिन्ही तपासण्यांच्या कक्षेबाहेर असतो.

नाव न बदलता चिन्हच बदलले असते ('चेंज सिम्बॉल'मधून बीसी५४७ निवडून), तर क्रमांक आपोआप योग्य आले असते.

जुना रेडिओवाला

टीओ-९२ हे डबीच्या आकाराचे नाव आहे, पायांच्या क्रमाचे नाही. ही गोष्ट आमच्या पिढीला चटके बसून कळली. युरोपीय वळणाचे बीसी५४७, बीसी५५७ हे सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. अमेरिकी वळणाचा २एन३९०४ त्याच्या उलट. याहून गमतीचा प्रकार २२२२चा आहे: पीएन२२२२ए हा एमिटर, बेस, कलेक्टर आणि नावाच्या सुरुवातीला आणखी एक अक्षर असलेला पी२एन२२२२ए हा कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदाराकडे दोघेही '२२२२' याच नावाने एका कप्प्यात नांदत असतात. मॉसफेट या दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरमध्येही तेच: २एन७००० हा सोर्स, गेट, ड्रेन आणि बीएस१७० हा ड्रेन, गेट, सोर्स. कामाला एकमेकांऐवजी चालतात, भोकांना चालत नाहीत.

जुन्या धातूच्या टोपीच्या ट्रान्झिस्टरच्या, उदाहरणार्थ बीसी१०७च्या, आकृत्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) खालून पाहिल्याप्रमाणे दिलेल्या असत. बोर्ड आपण वरून काढतो. 'बॉटम व्ह्यू' हे दोन बारीक शब्द न वाचल्यामुळे मी एकेकाळी एक आख्खा प्रीअँप आरशात पाहून बांधल्यासारखा बांधला होता.

शून्य ओहम

धागाकर्त्यांना एक नम्र शंका. फूटप्रिंट तीन भोके एका रेषेत असलेलाच आहे ना? आपल्याला हवा असलेला क्रम हा छापलेल्या क्रमाच्या नेमका उलटा आहे आणि बेस मधोमध आहे. मग पाय ओलांडण्याऐवजी ट्रान्झिस्टर अर्धा फेरा फिरवून, सपाट बाजू छापील आकाराच्या विरुद्ध दिशेला ठेवून बसवला असता तर?

कोरडा सोल्डर

...

दोन रात्री. बारा ट्रान्झिस्टर. छत्तीस पायांचे सोल्डर ओढले आणि चोवीस स्लीव्ह कापल्या.

तपकीर गल्ली

काही हरकत नाही, स्लीव्हवाल्याचा धंदा झाला.

माजी ईगलकर

मूळ प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: जोडणी लायब्ररीतच पक्की असली पाहिजे. मी अनेक वर्षे ईगल या की-कॅडसारख्याच सॉफ्टवेअरवर काम केले. तिथे चिन्ह वेगळे, पॅकेज (म्हणजे फूटप्रिंट) वेगळे, आणि दोघांना बांधणारी 'डिव्हाइस' नावाची तिसरी वस्तू होती. डिव्हाइस तयार करताना 'कनेक्ट'ची एक खिडकी उघडत असे. तिच्यात एका बाजूला चिन्हाच्या पिना, दुसऱ्या बाजूला पॅड, आणि आपण एकेक जोडी हाताने लावायची. म्हणजे एनपीएनचे एकच चिन्ह ठेवून त्याच्या खाली पायांचे वेगवेगळे क्रम असलेले डिव्हाइस करता येत. आकृतीत पार्ट ठेवला त्या क्षणी त्याला शरीरही मिळालेले असे. नंतर फूटप्रिंट लावण्याचा टप्पाच नव्हता, त्यामुळे तो चुकण्याचाही प्रश्न नव्हता.

ईगल ७ जून २०२६पर्यंतच, असे त्याच्या मालक कंपनीने, ऑटोडेस्कने, जाहीर केल्यावर मलाही स्थलांतर करावे लागले. पहिल्याच दिवशी की-कॅडने माझ्या रेझिस्टरला विचारले की तुझा फूटप्रिंट कोणता, तेव्हा मला नोंदणी न झालेल्या लग्नाला आल्यासारखे वाटले.

नीलाक्षी

@माजी ईगलकर, पक्क्या जोडणीचा फायदा मान्य, पण ती सगळीकडे लावणे मला पटत नाही. दहा किलोओहमचा रेझिस्टर आकृतीत ठेवताना तो ०६०३ मापाची चिप आहे की ०८०५ची, की पाव वॅटचा पायांचा, हे मला तेव्हा ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. बोर्डाची मापे, तो हाताने सोल्डर होणार की यंत्राने, हे ठरल्यावर एका खिडकीत साठ रेझिस्टर निवडून एकदम फूटप्रिंट लावणे ही सोय आहे, उणीव नव्हे. त्या खिडकीत डावीकडे लायब्रऱ्या, मधे आपल्या पार्टची यादी आणि उजवीकडे चाळलेले फूटप्रिंट असतात. पिनांच्या संख्येची चाळणी चालू ठेवली तर निदान तीन पायांच्या पार्टला आठ पायांचा फूटप्रिंट लागत नाही.

आणि आकृती तरी कोणासाठी काढायची? तर्क समजण्यासाठी. तिच्यात पहिल्या दिवसापासून पॅकेजची चिंता भरली की तर्क मागे पडतो.

तपकीर गल्ली

०६०३चे नाव निघालेच आहे तर: इंचातला ०६०३ म्हणजे मिलिमीटरमधला १६०८, आणि मिलिमीटरमधला ०६०३ म्हणजे इंचातला ०२०१. की-कॅडच्या फूटप्रिंटच्या नावात 'आर_०६०३_१६०८मेट्रिक' अशी दोन्ही मापे उगाच लिहिलेली नाहीत. मागच्या दिवाळीत मी कपॅसिटरची एक रीळ मागवली. जे आले ते फुंकर मारली तर उडून जाईल असे होते, आणि उडालेही.

उत्पादन विभाग

मी भोसरीत एका लहान कारखान्यात बोर्ड जोडणीचे काम पाहतो, त्यामुळे वरील दोघांच्या वादाचा शेवट माझ्या टेबलावर येतो. रेझिस्टर आणि साधे कपॅसिटर यांच्याबाबत नीलाक्षी यांचे म्हणणे बरोबर आहे. ट्रान्झिस्टर, रेग्युलेटर आणि कनेक्टर यांच्याबाबत माजी ईगलकर यांचे.

रेग्युलेटरचे उदाहरण देतो. टीओ-२२० डबीत ७८०५चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट; एलएम३१७चे ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट; ७९०५चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. मागची धातूची पट्टी पहिल्यात ग्राउंड, दुसऱ्यात आउटपुट आणि तिसऱ्यात इनपुट. तिघांचा फूटप्रिंट एकच. एकाच हीटसिंकवर मधे विद्युतरोधक अभ्रक न घालता ७८०५ आणि एलएम३१७ शेजारी शेजारी कसलेले मी पाहिले आहेत, आणि मग एकाचे आउटपुट थेट ग्राउंडवर टेकलेले.

एसएमडीमध्ये (भोकांशिवाय बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या पार्टमध्ये) हीच गोष्ट अधिक गुपचूप घडते. १११७ जातीचा रेग्युलेटर एसओटी-२२३ डबीत येतो: तीन पाय आणि एक रुंद टॅब, जी आतून पाय क्रमांक २ला, म्हणजे आउटपुटला जोडलेली असते. लायब्ररीत याचे दोन फूटप्रिंट भेटतात. एकात टॅबच्या पॅडला क्रमांक ४ आहे. दुसऱ्याच्या नावातच 'टॅबपिन२' आहे आणि त्यात टॅबलाही क्रमांक २ दिलेला आहे. आमच्याकडे आलेल्या एका कामात आराखडाकाराने तीन पिनांच्या चिन्हाला पहिला फूटप्रिंट लावला होता. चिन्हात चौथी पिन नाही, म्हणून टॅबच्या पॅडला नेट नाही. नेट नाही, म्हणून त्याच्याभोवती तांबे भरले गेले नाही. सर्किट चालले. फक्त रेग्युलेटरला बोट लावता येईना, कारण उष्णता जायला वाटच ठेवली नव्हती.

म्हणून आमच्याकडे आता असे पार्ट कारखान्याच्या स्वतःच्या लायब्ररीतूनच घ्यायचे, असा नियम आहे. चिन्ह, फूटप्रिंट, कंपनीचा पार्ट क्रमांक आणि कोणी कधी तपासले त्याची नोंद, सगळे एकत्र. की-कॅडच्या सातव्या आवृत्तीपासून लायब्ररी डेटाबेसला जोडता येते, त्यामुळे ही यादी खरेदी विभागाच्या तक्त्याशी एकच राहते.

व्हेरोबोर्ड

कनेक्टरचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव. दोन ओळींत दहा पिना असलेल्या हेडरला की-कॅडमध्ये वेगवेगळी चिन्हे आहेत: एकात क्रमांक एकाआड एक, म्हणजे एका ओळीत विषम आणि दुसरीत सम; दुसऱ्यात आयसीसारखे, एका बाजूने खाली जाऊन दुसऱ्या बाजूने वर येणारे. फूटप्रिंटमध्ये विषम-सम असते, कारण रिबन केबल तशी असते. मी दुसरे चिन्ह घेतले आणि जोडणी करताना पिनांचे क्रमांक न पाहता चिन्हावरच्या जागा पाहून तारा ओढल्या. केबल लावल्यावर पाच व्होल्ट भलतीकडेच निघाले आणि डिस्प्ले गेला.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. बोर्ड मागवण्यापूर्वी तो कागदावर एकास एक मापात छापतो. छापताना 'पानाला बसवा' बंद आहे ना ते पाहतो आणि कागदावरच्या ज्ञात अंतरावर पट्टी ठेवून खात्री करतो. मग कागद जुन्या थर्माकोलवर ठेवून प्रत्येक कनेक्टर, रिले, ट्रान्झिस्टर खरोखर त्याच्या भोकांतून टोचून बसवतो. रिलेचा पाय कागदाच्या काळ्या ठिपक्याच्या कडेला टेकतो आणि आत शिरत नाही, तेव्हा जे समजायचे ते समजते. बसलेल्या ट्रान्झिस्टरच्या प्रत्येक पायापाशी पेन्सिलीने सी, बी, ई लिहितो, हे डेटाशीट उघडी ठेवून. त्यानंतर आकृतीकडे बघून तीच अक्षरे ताडतो. अर्धा तास जातो.

जुना रेडिओवाला

उत्तम. त्यात एक भर: डेटाशीटवर विसंबण्याआधी मल्टिमीटर डायोडवर ठेवून पाय तपासावेत. बेस लगेच सापडतो. उरलेल्या दोघांपैकी बेस-एमिटरचे वाचन बेस-कलेक्टरपेक्षा किंचित जास्त येते. डब्यात सुटा पडलेला पार्ट कोणत्या कारखान्याचा आहे हे डेटाशीट सांगू शकत नाही, मीटर निदान त्याचे पाय सांगतो.

प्रयोगशाळेतून

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे मुले आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे ई-सिम हे सॉफ्टवेअर वापरतात, ज्याची आकृती काढण्याची बाजू की-कॅडची आणि गणित करणारी बाजू एनजीस्पाइसची आहे. तिथे या चर्चेला आणखी एक पदर आहे, जो वर कोणी मांडलेला नाही.

एकाच चिन्हाच्या दोन जोडण्या असतात. एक फूटप्रिंटशी, दुसरी सिम्युलेशनच्या (संगणकावर सर्किट चालवून पाहण्याच्या) मॉडेलशी. एनजीस्पाइसमध्ये ट्रान्झिस्टरची टोके कलेक्टर, बेस, एमिटर याच क्रमाने द्यायची असतात, मग प्रत्यक्ष पार्टचे पाय कसेही असोत. त्यामुळे सिम्युलेशन निर्दोष चालते, आलेख सुंदर येतो, आणि बोर्ड चालत नाही. मुलांना वाटते की सिम्युलेशन म्हणजे बोर्डाची पूर्वपरीक्षा. प्रत्यक्षात त्या परीक्षेत फूटप्रिंटचा धडा नसतोच.

पहिल्या सत्रात मी ५५५चा अस्टेबल मल्टिव्हायब्रेटर (आपोआप चालू-बंद होत राहणारे सर्किट) देते. आयसी एक, आठ पायांची. रेझिस्टर, कपॅसिटर, एक एलईडी. चिन्हावर मांडणी तर्काची असते, त्यात ८ आणि १ या पुरवठ्याच्या पिना वर-खाली असतात, तर डबीवर क्रम खाचेपासून घड्याळाच्या उलट दिशेने. मुलांना प्रथमच कळते की चिन्ह म्हणजे आयसीचे चित्र नव्हे. दर वर्षी दोघे-तिघे चिन्हावरील जागांप्रमाणे ब्रेडबोर्डवर तारा लावतात आणि 'मॅडम, आयसी गरम होते' म्हणून येतात.

आणखी एक जुना सापळा म्हणजे लपवलेल्या पिना. ७४ मालिकेच्या जुन्या चिन्हांत व्हीसीसी आणि ग्राउंड दाखवलेले नसत; लपलेली पुरवठ्याची पिन आपल्याच नावाच्या नेटला आपोआप जोडली जाई. आकृतीत पुरवठ्याला आपण '+५व्ही' असे नाव दिले असेल, तर गेटची १४वी पिन 'व्हीसीसी' नावाच्या, कशालाच न जोडलेल्या नेटवर लटकत राही. फूटप्रिंट बरोबर, क्रमांक बरोबर, आणि आयसी उपाशी.

शून्य ओहम

डायोडचाही उल्लेख व्हायला हवा. की-कॅडच्या लायब्ररीत कॅथोड म्हणजे क्रमांक १ हा संकेत आहे. बाहेरून उतरवलेल्या लायब्रऱ्यांत काही ठिकाणी ॲनोडला १ असते, काही ठिकाणी क्रमांकाऐवजी 'ए' आणि 'के' अशी अक्षरे. अक्षरांचे चिन्ह आणि आकड्यांचा फूटप्रिंट एकत्र आले तर निदान बोर्ड अद्ययावत करताना पिनेला पॅड सापडला नाही अशी तक्रार येते. दोन्हीकडे आकडेच असतील आणि अर्थ उलटे असतील तर मात्र कोणी काही बोलत नाही.

तपकीर गल्ली

अजून एक, नवख्यांसाठी. आकृतीत फूटप्रिंट बदलला, एफ८ दाबले, आणि बोर्डावर जुनाच राहिला, तर घाबरू नये. त्या खिडकीत आकृतीप्रमाणे फूटप्रिंट बदलण्याची एक चौकट आहे. तिच्यावर खूण करावी लागते. ती विसरून मी एकदा बोर्ड मागवलाही आहे.

कोरडा सोल्डर

सर्वांचे मनापासून आभार. उरलेल्या तीन बोर्डांपैकी एकावर काल सहाही ट्रान्झिस्टर फिरवून बसवले. सहाही रिले पहिल्या फटक्यात ओढले. पाय ओलांडलेले दोन बोर्डही चालतात, पण ते आता पाहुण्यांना दाखवता येणार नाहीत.

एक कुतूहल राहिले होते, तेही मोजून पाहिले. चुकीच्या बोर्डावर मायक्रोकंट्रोलरची पिन शून्यावर असतानाही बेसच्या रेझिस्टरवर थोडा व्होल्टेज दिसत होता. डेटाशीट पाहिल्यावर उलगडा झाला: बीसी५४७चे बेस-एमिटर उलट दिशेने ६ व्होल्टपर्यंतच सांगितलेले आहे आणि माझा एमिटर कॉइलमधून १२ व्होल्टला बांधलेला होता. उलट्या ट्रान्झिस्टरला गुणकही (प्रवाह किती पट वाढतो तो आकडा) नगण्य असतो, म्हणून पिन वर गेल्यावर कॉइलला लागणारे तीसेक मिलीअँपिअर निघत नव्हते.

मूळ प्रश्नापुरते मी असे ठरवले आहे: रेझिस्टर, कपॅसिटर शेवटी खिडकीत, तीन पायांचे काहीही असेल तर नेमके चिन्ह सुरुवातीलाच, आणि व्हॅल्यूच्या रकान्यात नाव खोडून दुसरे लिहायचे नाही. सिलिकॉनच्या बाबतीत माजी ईगलकरांचा पक्ष घेतला आहे, नीलाक्षीताईंनी राग मानू नये.

नीलाक्षी

राग नाही. पण बीसी५४७च्या बदली उद्या दुकानात दुसरेच काही मिळाले, तर बांधलेली जोडणीही तितकीच निरुपयोगी ठरेल, एवढे लक्षात असू द्या. व्हेरोबोर्ड यांचा कागद सोडू नका.

माजी ईगलकर

हे मात्र मान्य.

शून्य ओहम

@कोरडा सोल्डर, फिरवलेल्या बोर्डावर छापलेला आकार आता चुकीचा आहे. दोन वर्षांनी दुरुस्तीला बसाल तेव्हा तुम्हीच तो 'सरळ' कराल. पेनने खूण करून ठेवा. आणि रिलेवरचे डायोड एकदा पाहून घ्या, तेही त्याच नमुना आकृतीतून आले असतील.

कोरडा सोल्डर

मार्करने प्रत्येक ट्रान्झिस्टरपाशी बाण काढला. डायोड सहाही पाहिले, कॅथोडची पट्टी १२ व्होल्टकडेच आहे.